खेळाच्या दुकानातली माणसे काय खेळतात?

हलवाई पेढे खात नाही, अशी आपली एक समजूत आहे. मग दिवसभर खेळ विकणाऱ्या माणसाचे काय? संध्याकाळी शटर ओढल्यावर तो पुन्हा पट मांडून बसत असेल, की घरी जाऊन पाय पसरत असेल?

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडे पटावरचे खेळ खेळण्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात असतात. बाहुल्या, मोटारी, बॅट-बॉल यांच्या गर्दीत कॅरम बोर्ड उभा करून ठेवलेला, त्याच्याजवळ सापशिडी, बुद्धिबळ आणि व्यापार. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, कॅनडा या देशांत मात्र नुसत्या पटाच्या आणि पत्त्यांच्या खेळांची स्वतंत्र दुकाने आहेत. जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी. बऱ्याच दुकानांत एक-दोन टेबले मांडलेली असतात आणि काही खोकी मुद्दाम फोडून ठेवलेली असतात, म्हणजे गिऱ्हाइकाने बसावे, खेळून पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.

अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलामुलींना खेळता येणे हा नोकरीचाच भाग आहे. कापडाच्या दुकानातल्या माणसाला सुती कोणते आणि टेरिकॉट कोणते हे हाताला कळावे लागते, तसेच हे. गिऱ्हाईक आत आले की जाणता विक्रेता आधी किमतीचे बोलत नाही. तुम्ही किती माणसे खेळणार, सर्वांत लहान मुलाचे वय काय, तासभर बसता येईल की अर्धाच तास, हरल्यावर घरात कोणी रुसते का, असे तो विचारतो. शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो विचारायला घरातले माणूस तरी असावे लागते, नाहीतर हजारो डाव पाहिलेले.

कॅनडातल्या टोरांटो शहरात 2010 साली 'स्नेक्स अँड लॅटेज' नावाचे एक कॉफीगृह निघाले. तिथे बसण्याचे पैसे द्यायचे आणि भिंतीवरचा हवा तो खेळ काढून खेळायचा. तिथल्या खेळ शिकवणाऱ्या नोकरांना चक्क 'गुरू' म्हणतात. आपला शब्द कुठे कुठे जाऊन पोहोचतो पाहा! पण गुरू म्हटले तरी तो शेवटी पगारी माणूस. कप उचलायचे, टेबल पुसायचे, सांडलेल्या सोंगट्या मोजून खोक्यात भरायच्या आणि पुन्हा हसतमुखाने पुढच्या टेबलाला नियम समजावून सांगायचे. 2023 साली न्यूयॉर्कमधल्या 'हेक्स अँड कंपनी' या अशाच कॅफेच्या कामगारांनी मतदान करून युनियन केली. 'टेबलटॉप वर्कर्स युनायटेड' हे त्यांच्या संघटनेचे नाव. खेळायचे काम, त्यात कसली आली युनियन, असे म्हणणारे तिथेही असतील. गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत ज्यांच्या दोन पिढ्या राबल्या, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

तर हे कामगार स्वतः काय खेळतात? एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी दिसते. जगात सर्वांत गाजलेला पटाचा खेळ म्हणजे मोनोपॉली, पण अशा दुकानातली जाणती माणसे तो सहसा काढत नाहीत, आणि कोणी सल्ला विचारला तर तो सहसा सुचवतही नाहीत. आपल्या घरांत 'व्यापार' या नावाने आपण जो खेळलो, तो याच जातकुळीचा. मुंबई घ्या, दिल्ली घ्या, घरे बांधा, हॉटेल बांधा, आणि दुसरा तिथे येऊन पडला की त्याच्याकडून भाडे घ्या. सुरुवातीला गंमत येते. तासाभराने एकाकडे सगळ्या नोटा जमतात, एक जण दिवाळे निघून उठतो आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतो. तो बहुधा घरातला सर्वांत लहान असतो. जो जिंकणार ते दिसतच असते, तरी डाव संपत नाही.

या खेळामागची हकिगत मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ती सविस्तर सांगण्यासारखी आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

भाड्याचा खेळ कोणी काढला?

हा खेळ मुळात काढला एका नोकरी करणाऱ्या बाईने. तिचे नाव लिझी मॅगी. जन्म 1866, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. ती लघुलेखिका होती, म्हणजे दुसऱ्याने बोलायचे आणि हिने झरझर लिहून घ्यायचे. त्या काळी हेन्री जॉर्ज नावाच्या विचारवंताचा तिकडे मोठा बोलबाला होता. जमिनीची किंमत वाढते ती भोवतालच्या सगळ्या समाजाच्या कष्टाने, मग त्या वाढीचा पैसा एकट्या जमीनमालकाच्या खिशात का जावा, असा त्याचा सवाल होता. जमिनीवर कर बसवून तो पैसा सर्वांच्या कामी लावा, असे तो सांगे. लिझीला हे पटले. पण भाषण कोण ऐकणार, आणि तेही बाईचे? तिने पट काढला.

'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ, याचे पेटंट तिला 1904 च्या जानेवारीत मिळाले. चौकोनी पट, कडेने घरे, काही घरे विकत घ्यायची, दुसरा आला की भाडे घ्यायचे, एक कोपरा तुरुंगाचा. पटाला पूर्ण फेरी मारली की पैसे मिळत, ते कष्टाची मजुरी म्हणून. आज आपण व्यापारात सुरुवातीच्या घरावरून गेलो की पैसे घेतो. ते कशाचे, हे कोणी विचारत नाही.

लिझीने या खेळाचे नियम दोन तऱ्हांचे केले होते. एका तऱ्हेत जो सगळ्यांना लुबाडून सर्व जमीन एकट्याकडे घेईल तो जिंकतो. दुसऱ्या तऱ्हेत जमिनीचे भाडे सार्वजनिक तिजोरीत जाते, आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे होते त्याचे पैसे दुप्पट झाले की सगळेच जिंकले असे धरतात. मुलांनी दोन्ही तऱ्हा खेळून पाहाव्यात आणि कोणती बरी हे आपले आपण ठरवावे, अशी तिची अपेक्षा होती.

ही बाई साधी नव्हती. आठवड्याला दहा डॉलर पगारात एकट्या बाईने जगायचे कसे, हे लोकांच्या डोळ्यांवर आणण्यासाठी 1906 साली तिने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की एक तरुण अमेरिकन स्त्री गुलाम म्हणून विकायची आहे, जास्त बोली लावील त्याने न्यावी. देशभर खळबळ उडाली. तिला तेच हवे होते.

पुढे तिचा खेळ हातोहात पसरला. लोक मेणकापडावर पट काढून घेत, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावे घालत. अटलांटिक सिटीत क्वेकर पंथाच्या लोकांनी घातलेली तिथल्या रस्त्यांची नावे आजही अमेरिकेतल्या मोनोपॉलीच्या पटावर आहेत. मंदीच्या दिवसांत चार्ल्स डॅरो नावाच्या एका बेकार माणसाने हा खेळ ओळखीच्यांकडून शिकून घेतला, त्याचा पट नीट रंगवला आणि 1935 साली पार्कर ब्रदर्स या कंपनीला आपला म्हणून विकला. तो लक्षाधीश झाला. कंपनीने लिझीकडून तिचे पेटंटही घेऊन टाकले, 500 डॉलरना. खपावर तिला एक पैसा मिळाला नाही. दोन तऱ्हांपैकी लुबाडण्याचीच तऱ्हा तेवढी बाजारात गाजली. लिझी 1948 साली वारली तेव्हा मोनोपॉली म्हटले की जगाला डॅरोचेच नाव माहीत होते.

हे पुन्हा उजेडात आले ते एका खटल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोत अर्थशास्त्र शिकवणारे राल्फ अन्स्पाख या प्राध्यापकांनी 1973 साली 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला आणि कंपनी त्यांच्यामागे लागली. कोर्टात उभे राहण्यासाठी त्यांनी खेळाचा जुना इतिहास खणायला घेतला, आणि खणता खणता लिझीचे पेटंट हाती लागले. खटला दहाएक वर्षे चालला. ज्याने राबावे त्याचे नाव पुसावे, हा प्रकार आपल्याला नवा नाही, म्हणून इतके विस्ताराने लिहिले.

सगळे शेवटपर्यंत बसतील असे खेळ

मोनोपॉली नको तर दुकानातली माणसे काढतात काय? गेल्या तीसेक वर्षांत उत्तर बहुधा जर्मनीकडून आले आहे. त्या देशात 1979 पासून दर वर्षी 'वर्षाचा उत्तम खेळ' असा मान देतात, आणि एसेन शहरात 1983 पासून दर शरदात खेळांची मोठी जत्रा भरते. तिथल्या घरगुती खेळांचे दोन मोठे गुण. एक, बहुतेक खेळांत कोणी मध्येच बाद होत नाही. दोन, डाव साधारण तासाभरात संपतो.

1995 साली 'कातान' या खेळाला हा मान मिळाला. तो काढणारे क्लाउस टॉयबर व्यवसायाने दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. दिवसा प्रयोगशाळा, रात्री घराच्या तळघरात पट मांडायचे आणि बायकोमुलांना खेळायला बसवायचे. 2023 साली ते वारले. खेळ असा, की षटकोनी तुकडे जोडून एक बेट तयार होते. कुठे विटा, कुठे लाकूड, कुठे मेंढरे, कुठे धान्य, कुठे खनिज. दोन फाशांवर जो आकडा पडेल त्या तुकड्याचे उत्पन्न, ज्याची ज्याची वस्ती तिथे आहे त्या सगळ्यांना मिळते, मग फासे कोणीही टाकलेले असोत. त्यामुळे दुसऱ्याची पाळी असतानाही आपले लक्ष पटावरच राहते. रस्ता बांधायचा तर वीट हवी आणि वीट शेजाऱ्याकडे. मग सुरू होते घासाघीस. भाजीबाजारात वाढलेल्या आपल्या पोरांना हा खेळ शिकवावा लागणार नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. या खेळात बेट रिकामे धरले आहे. खऱ्या जगात वसाहतवाले जिथे जिथे उतरले, तिथे बहुतेक ठिकाणी माणसे आधीच राहत होती. मोठ्या मुलांबरोबर खेळताना ही गोष्ट बोलायला हरकत नाही.

दुसरा आमच्या आवडीचा खेळ मॅट लीकॉक या अमेरिकन माणसाने 2008 साली काढला. नाव 'पँडेमिक', म्हणजे महासाथ. यात एकमेकांशी लढायचेच नाही. जगाच्या नकाशावर 48 शहरे आहेत, चार रोग पसरत आहेत, आणि सर्व खेळाडूंनी मिळून चारही रोगांवर औषध शोधायचे आहे. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. एक खेळाडू डॉक्टर, एक शास्त्रज्ञ, एक संशोधक, अशी कामे वाटलेली असतात आणि प्रत्येकाला इतरांना न जमणारी एक गोष्ट जमते. या नकाशावर आपली मुंबईही आहे. तिथे रोगाचे तीन ठोकळे साचले आणि चौथा आला, की साथ फुटते आणि कराची, दिल्ली, चेन्नई या तिन्ही जोडलेल्या शहरांत जाते. रोगाला सरहद्द कळत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला दोन डावांत समजते. 2020 साली आपण सर्वांनी दहा बाय दहाच्या खोल्यांत कोंडून घेऊन जे भोगले, त्यानंतर हा खेळ खेळताना हात थोडा थबकतो, हेही खरे.

या प्रकारच्या खेळांत एक खोड आहे, आणि ती दुकानातल्या माणसांना चांगली ठाऊक असते. घरात जो जास्त बोलणारा असतो तो सगळ्यांचे डाव आपणच खेळू लागतो. तू इकडे जा, तू ते पान टाक. थोरला भाऊ सांगतो, धाकटी बहीण नुसती सोंगटी हलवते. मग ते मिळून खेळणे कसले? त्यावर तोड म्हणून बोलण्यालाच आवर घालणारे खेळ निघाले. 'हनाबी' हा पत्त्यांचा खेळ, 2013 सालचा मानकरी, त्यातलाच. यात आपली पाने उलटी धरायची असतात, म्हणजे आपली पाने इतरांना दिसतात आणि आपल्याला नाही. इतरांनी दिलेल्या मोजक्या इशाऱ्यांवरून आपल्या हातात काय आहे ते ओळखायचे. 

मध्येच एक शंका. आमच्या वाचकांतली काही वडीलधारी मंडळी म्हणतील, की पट आणि फासे भगवान बुद्धांनी वर्ज्य सांगितले आहेत, आणि तुम्ही हे काय छापता? दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात खेळांची यादी आहे खरी. आठ घरांच्या ओळींचा पट, दहा घरांचा पट, फासे, अक्षर ओळखण्याचा खेळ, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा खेळ, इतकेच काय, लहान गाडी आणि लहान धनुष्यही त्यात आहे. पण तिथला विषय आहे श्रमणांचा. ज्यांनी घरदार सोडले त्यांनी वेळ कशात घालवू नये, हे त्यात सांगितले आहे. गृहस्थासाठी जे सिगालोवादसुत्त आहे, त्यात धननाशाच्या सहा वाटांत नाव येते ते जुगाराचे. जिंकणाऱ्याशी वैर धरले जाते, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, त्याच्या शब्दाला चारचौघांत किंमत राहत नाही, त्याच्याशी सोयरीक करायला लोक धजत नाहीत. पैसे लावून तीन पत्ती खेळणाऱ्याच्या घरी जाऊन पाहा, अक्षर न अक्षर खरे आहे. ज्या पटावर एक पैसाही लागत नाही, त्याला हे लागू करणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

दोन कॅट पुरेत

हे परदेशी खेळ आता आपल्याकडेही मिळतात, पण बहुतेकांच्या किमती आपल्या खिशाबाहेरच्या. म्हणून अखेरीस असा एक खेळ सांगतो जो आपण घरातल्या पत्त्यांवर खेळू शकतो. थॉमस झिंग या जर्मन माणसाचा 'द क्रू' हा खेळ 2019 साली आला आणि 2020 साली जाणत्या खेळाडूंसाठीचा मान त्याला मिळाला. ज्याला मेंढीकोट किंवा तीन-दोन-पाच येते त्याला हा अर्धा आधीच येतो, कारण यातही हातच करायचे असतात. फरक इतकाच की सगळे एकाच बाजूला.

पत्त्यांचे दोन कॅट घ्या. पहिल्यातून चारही रंगांची एक्का ते नव्वी अशी 36 पाने काढा आणि त्यात चार राजे घाला. दश्शी, गुलाम, राणी बाजूला. एक्का इथे सर्वांत लहान. चार राजे हे हुकूम. त्यांच्यात चौकटचा राजा सर्वांत लहान, मग किलवर, मग बदाम आणि सर्वांत मोठा इस्पिकचा. राजांचा आपला वेगळाच रंग समजायचा. दुसऱ्या कॅटमधून नुसती एक्का ते नव्वीची 36 पाने घेऊन पिसून पालथी ठेवा. ही झाली कामांची गड्डी.

चौघे असतील तर पहिल्या कॅटची दहा-दहा पाने येतात. इस्पिकचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने तसे सांगायचे, तो पुढारी. आता कामांच्या गड्डीतून एक पान उलटा. समजा बदामची सत्ती निघाली. पुढाऱ्याने ती आपल्यासमोर ठेवायची. म्हणजे ज्या हातात बदामची सत्ती पडेल तो हात त्यानेच केला पाहिजे. दुसऱ्या कोणी केला तर सगळे हरले. पहिली उतारी पुढाऱ्याची. रंग असेल तर रंगच टाकायचा, नसेल तर काहीही टाका किंवा हुकूम मारा. जमले की पुढच्या डावात दोन कामे उलटा, मग तीन. पहिले काम पुढारी निवडतो, मग पाळीपाळीने बाकीचे.

आणि बोलायचे नाही! डोळ्याने खूण नाही, खोकणे नाही, पान आपटणे नाही. प्रत्येकाला साऱ्या डावात एकदाच एक मुभा. हात सुरू होण्याआधी आपले एक पान उघडे करून समोर ठेवायचे आणि वर, मध्ये किंवा खाली एक चिंचोका ठेवायचा. वर म्हणजे या रंगातले माझे हे सर्वांत मोठे, खाली म्हणजे सर्वांत लहान, मध्ये म्हणजे या रंगाचे माझ्याकडे एवढेच. राजा मात्र असा दाखवता येत नाही. ते पान हातातलेच समजायचे आणि पाळी आल्यावर खेळायचे.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पहिले दोन-तीन डाव मोठ्यांनी शेजारी बसवून खेळवावेत. पाच जण असले तर प्रत्येकी आठ पाने. तिघे असले तर एकाकडे एक पान जास्त येते. ते शेवटी हातात उरते, त्याचे काही करायचे नाही.